सातारा-सांगली : पेट्रोलाचें नांव आणि पेट्रोलाचा गुण

गेल्या श्रावणांत आमच्या वडील बंधूंना सांगलीच्या गणपतीचें दर्शन घडवावें, असें घरांत ठरलें. दादांचें वय 78, हृदयावर एक शस्त्रक्रिया होऊन गेलेली. मोटारीचें वय 15, आणि तिच्यावरहि लहानमोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या. दोघांनाहि जपून न्या, असें वहिनींनीं निघतांना बजावलें. सारथ्य दादांच्या धाकट्या मुलाकडे होतें.

सातारा सोडल्यावर अजिंक्यतारा मागें पडतो आणि शेंद्र्यापाशीं त्याच किल्ल्याचें नांव धारण करणारा साखर कारखाना येतो. आदल्या रात्रीं पाऊस मुसळधार कोसळला होता. ऊंस न्हाऊन तकतकीत दिसत होता. टांकींत पेट्रोल बेताचेंच होतें. तेथूनच वादास तोंड फुटलें.

"काका, आज अण्णा बरोबर आहेत. आज साधें पेट्रोल नको, तें महागडें, पंचाण्णव ऑक्टेनचें घेऊं या. इंजिनाला ताकद येते."

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध दूरचा. परंतु शब्दाचा अर्थ पाहिल्याशिवाय तो स्वीकारावयाचा नाहीं, ही जुनी खोड आहे. म्हणून 'ऑक्टेन' या शब्दाचा अर्थ आम्हीं पूर्वींच शोधून ठेवला होता. इंजिनाच्या नळकांड्यांत हवा आणि पेट्रोलाची वाफ यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडून तें पेटतें. दाब आणि उष्णता वाढल्यामुळें तें मिश्रण ठिणगीच्या अपेक्षेबाहेर आपणहून भडकलें, तर इंजिनांत ठकठक आवाज होतो आणि कालांतरानें दट्ट्यास इजा पोंचते. असें अवेळीं न भडकण्याची जी पेट्रोलाची सहनशीलता, तिचें माप म्हणजे ऑक्टेन. तें बळाचें माप नव्हे, धीराचें आहे. ज्या इंजिनांत दाब अधिक, त्यास अधिक धीराचें पेट्रोल हवें; आमच्या गाडीसारख्या मध्यम दाबाच्या इंजिनास त्याचा लाभ नाहीं. गाडीच्या पुस्तिकेंत जो अंक छापला आहे तो पुरे.

हा धीर वाढविण्यासाठीं 1921 सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यानें पेट्रोलांत शिशाचें एक संयुग घालण्याची युक्ति काढली. इंजिनांची ठकठक थांबली, पण रस्त्यावरील लेंकरांच्या रक्तांत शिसें उतरूं लागलें. आपल्या देशांत शिसेंयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद होण्यास 1 फेब्रुवारी 2000 उजाडावें लागलें.

पुतण्यानें एवढें सर्व ऐकून घेतलें आणि वाटेंत एके ठिकाणीं महागडें पेट्रोलच भरलें. लिटरमागें सात-आठ रुपये अधिक गेले. दादा म्हणाले, "भरूं दे रे, बापाच्या काळजीनें भरतो आहे." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

उंब्रज गेलें, कऱ्हाड आलें. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाकडे दादांनीं गाडींतूनच हात जोडले. आतां दोहों बाजूंस ऊंसच ऊंस. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना, पुढें साखराळ्याचा राजारामबापू कारखाना. या खोऱ्यांत साखरेबरोबर मळी निघते, मळीपासून मद्यार्क होतो, आणि तो मद्यार्क, ज्यास आतां सर्व लोक इथेनॉल म्हणतात, पेट्रोलांत मिसळला जातो. 2022 च्या जूनमध्यें देशांत हें प्रमाण शेंकडा 10 झालें आणि 2025 सालीं शेंकडा 20 वर गेलें. हें दादांना सांगतांच ते म्हणाले, "म्हणजे आपली गाडी पंधराव्या वर्षीं प्यावयास लागली म्हणावयाची! आणि तीहि आपल्याच कृष्णाकांठची!"

विनोद राहूं द्या. पण खरा फरक येथें आहे, कंपनीच्या नांवांत नाहीं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीनहि कंपन्या सोयीप्रमाणें एकमेकींच्या शुद्धीकरण-कारखान्यांतून व साठ्यांतून माल उचलतात. सर्वांस भारतीय मानक एकच. एप्रिल 2020 पासून गंधकाची मर्यादा दहा लक्ष भागांत 10 भाग, तीहि सर्वांस एकच. पंपावरील रंग निरनिराळे, तेल बहुधा एकाच कढईचें. मद्यार्काचा गुण असा कीं, तो स्वतःच ऑक्टेन वाढवितो. पेट्रोलियम मंत्रालयानें 2025 च्या ऑगस्टमध्यें सांगितलें त्याप्रमाणें पूर्वीं 88 असलेला अंक 91 झाला आणि 20 टक्के मिश्रणानें 95 वर गेला. म्हणजे ज्या अंकासाठीं पुतण्यानें अधिक पैसे मोजले, तो साध्या पेट्रोलांतहि आला आहे!

मद्यार्काचा दोष असा कीं, लिटरास लिटर तोलतां त्यांत पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते. जुन्या धर्तीच्या मोटारी सहा-सात टक्के कमी धांवतील, असें नीति आयोगाच्या 2021 च्या अहवालांतच म्हटलें होतें. आमच्या वहींत लिटरास साडेपंधराचे साडेचौदा किलोमीटर झाले आहेत. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांच्या नळ्या व रबरी भाग या मिश्रणास सोसतील असे केलेले असतात. आमची त्यापूर्वींची, तिच्या पुस्तिकेंत 10 टक्क्यांचीच मर्यादा आहे. म्हणून तिच्या रबरी नळ्या दरवर्षीं तपासून घेणें आम्हांस भाग आहे.

हें बोलणें चाललें असतांच कासेगांवच्या अलीकडे गाडी खोकली. एक आचका, दुसरा आचका, आणि तिसऱ्यास ती कडेला जाऊन गप्प झाली. वर पाऊस, आंत दादा. त्यांनीं छातीवर हात ठेवलेला पाहून आमच्या तोंडचें पाणी पळालें. पण ते जानव्याची किल्ली चांचपत होते. पुतण्याचा चेहरा मात्र उतरला. महागडें पेट्रोल भरून तास लोटला नव्हता.

जवळच्या गराजांतून एक तरुण आला. त्यानें टांकींतलें थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून उजेडास धरलें. बाटलींत दोन थर स्पष्ट दिसत होते. "गुरुजी, इंजनाचा काय बी दोष न्हाई. पेट्रोलात पाणी हाय."

कारण नंतर उमगलें. मद्यार्कास पाण्याची ओढ फार. थोडें पाणी तो पोटांत घेतो. त्या मर्यादेबाहेर पाणी आलें कीं पेट्रोलाचा हात सोडून पाण्यासह तळाशीं बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाशींच असते. मुसळधार पावसांत पंपाच्या भूमिगत टांकींत झांकणावाटे पाणी उतरलें, तर त्यावर कोणतेंहि नांव आणि कोणताहि अंक उपयोगाचा नाहीं. टांकी रिकामी करून गाळणी बदलण्यास दीड तास लागला. दादा तेवढा वेळ गराजांतल्या बांकावर बसून त्या तरुणाच्या आजोबांशीं 1972 च्या दुष्काळाविषयीं बोलत होते.

पुतण्याच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. महाग पेट्रोलांत ऑक्टेनाखेरीज मळ धुणारें द्रव्य अधिक असतें. अमेरिकेंतील मोटारमालकांच्या संघानें 2016 सालीं पाहणी केली. तींत अशा द्रव्याच्या ठरीव प्रमाणाचें पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनांपेक्षां इतर पेट्रोलाच्या इंजिनांत सरासरी 19 पट किटण सांचलें. त्यांच्याकडील साधें पेट्रोल आणि आमच्याकडील साधें पेट्रोल एकच असें समजूं नये. तरी द्रव्य निरुपयोगी नाहीं, एवढें खरें. मात्र त्याचें फळ हजारों किलोमीटरांनीं दिसतें, एका सांगलीच्या फेरींत नाहीं. आणि ज्या नव्या इंजिनांत पेट्रोलाचा फवारा थेट नळकांड्यांत पडतो, तेथें झडपांच्या पाठीवर तें पोंचतच नाहीं. दुकानांत मिळणाऱ्या बाटल्यांपैकीं कांहींत हेंच द्रव्य असतें, कांहींत नुसता गंध. आमच्या माहितींतील एका गृहस्थांनीं वर्षभर गंधच विकत घेतला.

पेठ नाक्यावरून पूर्वेस वळून आष्ट्यामार्गें सांगलीस पोंचलों तों आयर्विन पुलावर ऊन पडलें होतें. 1929 सालचा तो दगडी पूल आणि खालीं तांबडी, फुगलेली कृष्णा. दर्शन सुखरूप झालें. दादा पायऱ्या स्वतः चढले.

परततांना सांगलींत पेट्रोल भरावयाचें होतें. पंपावर गेल्यावर पुतण्या स्वतःच खालीं उतरला आणि फिल्टर-कागद मागितला. घनतेची नोंद आणि पाण्याचा शोध घेणाऱ्या लेपाची त्या सकाळची वहीहि मागितली. कागद मागण्याचा अधिकार प्रत्येक गिऱ्हाइकास आहे, परंतु तो कोणी बजावीत नसावें, कारण गठ्ठा कोठें ठेवला आहे हें त्या मुलासहि आठवेना. शोधण्यांत दहा मिनिटें गेलीं. मागच्या गाड्यांनीं भोंगे वाजविण्यास आरंभ केला.

"वाजवूं देत," दादा म्हणाले.

कागद आला. थेंब पडला, पसरला आणि कांहीं क्षणांत डाग न ठेवतां उडून गेला. वहींतील त्या सकाळच्या नोंदींत पाणी निरंक होतें. पुतण्यानें साधें पेट्रोल भरलें.