सावंतवाडीचा राजवाडा

मालवणचा समुद्र मागें टाकून आम्ही आग्नेयेस वळलों, तेव्हां सिंधुदुर्गाचा भव्य तट डोळ्यांसमोरून हालत नव्हता. त्या जलदुर्गाची देखरेख आज शासनाकडे आहे. सावंतवाडीचा राजवाडा मात्र अद्यापि सावंत-भोसले घराण्याच्याच मालकीचा आहे, आणि त्याचा कांहीं भाग शुल्क देऊन कोणासही पाहतां येतो. फ्रान्स देशीं ही चाल पुष्कळ आहे. तेथील शनोंसोचा सुप्रसिद्ध प्रासाद १९१३ पासून चॉकलेटचे कारखानदार मेनिये यांच्या कुटुंबाकडे असून तो लोकांस खुला आहे.

मोती तलावासमोर जांभ्या दगडाचा हा वाडा उभा आहे. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दींत (१७५५–१८०३) तो बांधला गेला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९७१ सालीं तनखेही बंद झाले. राज्य गेल्यावर राजवाड्याचें करावयाचें काय, हा प्रश्न अनेक घराण्यांपुढें पडला. येथें त्याचें उत्तर दरबारच्या दालनांतच मिळतें. जेथें मुजरे झडत, तेथें आज चितारी मांडी घालून गंजिफा रंगवितात.

गंजिफा म्हणजे वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफेंत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें, मिळून १२०. दिवसा रामाच्या राजाचा मान, रात्रीं कृष्णाच्या राजाचा! जुन्या रीतींत कापडावर चिंचोक्याच्या खळीचे लेप देऊन त्यावर चित्रें काढीत आणि पाठीस लाख देऊन पान ताठ करीत. ही विद्या जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं ती जुन्या जाणत्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली, मग इतरांस शिकविली, आणि राजवाड्यांतच तिला आसरा दिला. शिवरामराजे १९९५ सालीं व राणीसाहेब २०१८ सालीं निवर्तल्या, तरी कुंचले थांबलेले नाहींत.

आम्ही पाहत होतों, तेव्हां एक बाई केसाएवढ्या बारीक रेषेनें वराहाचा मुकुट रेखीत होती. हात जरा हालला, कीं पान फुकट. हें कसब पाहून मन प्रसन्न झालें, तशी एक चिंताही वाटली. हे डाव विकत घेणारे बहुतेक ते काचेच्या कपाटांत शोभेकरितां मांडतात, खेळणारे थोडेच. खेळ विसरला गेला, तर रामाच्या राजास दिवसा मान कां, हें पुढच्या पिढीस चित्रावरून कसें उमगावें?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आजी-आजोबा, नातवंडें अद्यापि एका छपराखालीं नांदतात. त्यांपैकीं कोणी सावंतवाडीस गेल्यास एक डाव जरूर आणावा, खेळाचे नियम तेथेंच विचारून घ्यावे, आणि पावसाळ्याच्या दुपारीं ओटीवर मुलांबरोबर तो मांडावा. पानें थोडीं मळलीं तरी हरकत नाहीं.