‘मिडनाइट रन’ : अनुकृतीतला शृंगार

बेबनाव असलेल्या जोडीचा विनोदी मारधाडपट हा हॉलिवूडचा रूपबंध समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. ‘४८ अवर्स’ने (१९८२) त्याचा साचा रूढ केला, ‘लीथल वेपन’ने (१९८७) तो बाजारात पक्का केला. मार्टिन ब्रेस्ट यांचा ‘मिडनाइट रन’ (१९८८) याच साच्यातला. तरीही तो पुनःपुन्हा पाहणारा जाणता प्रेक्षक आढळतो, आणि या आवडीचे समर्थन करताना तो संकोचतो. हा संकोच कशाचा, हे तपासण्यासारखे आहे.

जॅक वॉल्श (रॉबर्ट डी नीरो) हा शिकागोच्या पोलीसदलातून बाहेर पडावे लागलेला, आता जामीन मोडून पळालेल्यांना बक्षिसासाठी पकडून आणणारा माणूस. जोनाथन मार्ड्यूकस (चार्ल्स ग्रोडिन) हा गुंडाचे दीड कोटी डॉलर लांबवून त्यांतले बरेच दानधर्मात वाटणारा हिशेबनीस. त्याला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला पोचवले की जॅकला एक लाख डॉलर मिळायचे. विमानाची भीती असल्याचे सोंग मार्ड्यूकस वठवतो आणि पाच तासांचा प्रवास आगगाडी, बस, मोटार असा लांबत जातो.

भरताने हास्याचा उगम शृंगारात सांगितला; शृंगाराची अनुकृती ती हास्य. या चित्रपटाची मर्मस्थाने या सूत्राच्या उजेडात स्पष्ट दिसतात. सिगारेट ओढू नकोस, तळलेले खाऊ नकोस, अशी मार्ड्यूकसची अखंड कुरकुर ही जुन्या संसारातली कुरकुर आहे. बेडी हे येथे लग्नगाठीचे विडंबन होते. ग्रोडिन हे सारे इतक्या मंद, सौम्य स्वरात बोलतो की डी नीरोचा संताप स्फोटाऐवजी केविलवाणा होतो. मालवाहू डब्यातला या दोघांचा संवाद निर्हेतुक आहे, त्याने कथानक तसूभरही सरकत नाही. पण सबंध चित्रपट त्या डब्यात आहे.

मात्र अनुकृतीला जागा करून द्यायची तर मूळ बाहेर घालवावे लागते, आणि उणीव नेमकी येथे आहे. या जगात स्त्रीला स्थान जवळजवळ नाही. ज्या एका प्रसंगात ती येते, तेथे चित्रपट आपल्याच साच्याची लाज वाटल्यासारखा थबकतो. पैसे आणि गाडी मागायला जॅक घटस्फोटित पत्नीच्या दारी जातो, भांडण पेटते, आणि नऊ वर्षांत न पाहिलेली मुलगी समोर येऊन उभी राहते. तिने मुले सांभाळून साठवलेले पैसे ती देऊ करते. तो घेत नाही. डी नीरो येथे काहीच ‘करत’ नाही. हास्याच्या तळाशी असलेला करुण एवढ्यापुरता उघडा पडतो आणि लगेच झाकला जातो, कारण पुढची गोळीबाराची पाळी ठरलेली असते.

त्या पाळ्या कंटाळवाण्या आहेत, हे मान्यच करावे. पिस्तुलाने पाडलेले हेलिकॉप्टर, नदीतली वाहून जाणी, प्रतिस्पर्धी मार्विनला एकाच युक्तीने पुनःपुन्हा फसवणे: पुनरुक्तीला लय असते हे खरे, पण येथे ती बहुधा लांबी वाढवते. गुंड सेरानोला जाळ्यात पकडण्याचा शेवटही यांत्रिक. (डॅनी एल्फमन यांचे संगीत या भागांना पुष्कळ सावरून नेते.) आणि पोलिसांतली लाचखोरी, जिच्यापायी जॅकचे घर मोडले, ती केवळ पूर्वपीठिका म्हणून खर्ची पडते, व्यवस्थेचा दोष एका गुंडाच्या अंगावर टाकून चित्रपट मोकळा होतो.

संकोचणाऱ्या प्रेक्षकाला या उणिवा ठाऊक असतात. त्याला जे सोडवत नाही ते शेवटचे दृश्य. मुदतीच्या आत पोचलेला जॅक कैद्याला विमानतळावर सोडून देतो. पत्नीने दिलेले, नीट न चालणारे घड्याळ त्याने आजवर जपलेले असते. ते तो मार्ड्यूकसच्या हाती ठेवतो. मार्ड्यूकस त्याला कमरेला बांधलेले पैसे देतो. जॅक मागे वळून पाहतो तो तेथे कोणी नसते. टॅक्सीवाल्याकडे हजाराच्या नोटेचे सुटे नाहीत. जॅक चालू लागतो.