पुराची वाट पाहणारं तळं

अमेरिकेच्या युटा राज्यात जेन्सन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे येणारे बहुतेक पाहुणे येतात ते डायनासोरसाठी! गावाजवळच्या एका कड्यात डायनासोरची सुमारे दीड हजार हाडं जशीच्या तशी रुतलेली आहेत आणि त्या कड्याभोवतीच प्रदर्शन-दालन उभारलं आहे. कधी गेलात तर ते बघाच. पण आज आपण जाऊ या गावाच्या दुसऱ्या बाजूला, ग्रीन नदीच्या काठी. इथे स्ट्युअर्ट लेक नावाचं एक उथळ तळं आहे. चिखल, लव्हाळी आणि बदकं. फोटो काढावा असं खरं तर काही नाही. पण एका माशाचं सगळं भविष्य अशा तळ्यांवर अवलंबून आहे, बरं का!

त्याचं नाव रेझरबॅक सकर. रेझर म्हणजे वस्तरा. याच्या डोक्यामागे पाठ धारदार उंचवट्यासारखी वर आलेली असते. पूर्ण वाढला की जवळजवळ मीटरभर लांब, आणि आयुष्य चाळीस वर्षांहूनही जास्त!

ग्रीन नदी उगम पावते वायोमिंगच्या डोंगरांत. तिला पूर येतो तो पावसानं नव्हे, तर बर्फ वितळल्यावर, मे-जूनमध्ये. पाणी चढू लागलं की हे मासे नदीतल्या गोट्यांवर अंडी घालतात. पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर. प्रवाह नेईल तिकडे ते जातं. नदीचं पाणी गार, वेगाचं, खायला फारसं नाही. पण पुराबरोबर काठ ओलांडून ते तळ्यात शिरलं की चैनच! ऊबदार पाणी आणि सूक्ष्म जीवांचा भरपूर खाऊ. कोकणातल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या पावसात चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात, ते उगीच नाही.

मग १९६२ साल उजाडलं. नदीवर फ्लेमिंग गॉर्ज नावाचं १५३ मीटर उंच धरण होत होतं. नव्या जलाशयात गळाला लागणारे ट्राउट मासे सोडायचे होते, म्हणून त्या सप्टेंबरमध्ये शेकडो किलोमीटर नदीत चक्क विष ओतलं गेलं. नदीचे मूळचे मासे तेव्हा ‘कचरा मासे’ समजले जात! पुढे धरणानं पूरही अडवला. वाचलेले मासे अंडी घालत, पिल्लं निघत, पण ती वाढायची कुठे? तळी कोरडी. गावात आजी-आजोबा आहेत, पण शाळेत एकही मूल नाही, तशी गत झाली. १९९१ मध्ये हा मासा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. आज नदीत दिसणारे मोठे रेझरबॅक बहुतेक मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले आहेत.

तुम्ही म्हणाल, धरणातून पाणी सोडा, झालं! पण कधी सोडायचं? वरच्या अंगाला यॅम्पा नदी ग्रीनला मिळते. तिचा पूर अडवणारं मोठं धरण नाही. संगमाजवळ एक धरण होणार होतं, पण लोकांनी जोरदार विरोध केला आणि १९५६ मध्ये ते योजनेतून वगळलं गेलं. यॅम्पाचा पूर ऐन भरात आला की धरणातूनही पाणी सोडायचं, असं काही वर्षं चाललं. तळी भरत, पण पिल्लं आलेलीच नसत! पंगत वाढून तयार आणि पाहुण्यांचा पत्ता नाही.

म्हणून २०१२ पासून रीत बदलली. वसंत ऋतूत रात्री काठच्या संथ पाण्यात दिव्याचे सापळे लावतात. उजेडाकडे पिल्लं येतात. पहिलं पिल्लू सापडलं की सुमारे दीडशे किलोमीटर वर असलेल्या धरणाला निरोप जातो आणि पाणी वाढवलं जातं. आपण पावसाळ्यात बातम्यांत ‘इतके क्युसेक पाणी सोडलं’ असं ऐकतो ना? जेन्सनला नदी सुमारे १८,६०० क्युसेकनं वाहू लागली की ती काठ ओलांडते. हे काही फुकट होत नाही. टर्बाइनमधून न जाता सोडलेल्या पाण्याची वीज बुडते. शिवाय २००० सालापासून या खोऱ्यात दुष्काळ ठाण मांडून आहे आणि शेतांना, शहरांनाही पाणी हवंच आहे. कोरड्या वर्षी तळ्याच्या वाट्याला थोडंच येतं.

स्ट्युअर्ट लेकच्या तोंडाशी दार आहे आणि दाराला जाळी. पिल्लं आत येतात, पण त्यांना खाणारे बाहेरदेशचे मोठे मासे अडतात. उन्हाळाभर पिल्लं वाढतात. मग तळं रिकामं करतात. २०१३ मध्ये असं पाणी काढलं, तेव्हा पाचशेहून जास्त रेझरबॅक पिल्लं निघाली, केंद्रातली नव्हे, नदीतच जन्मलेली! अशा पिल्लांना हळूच उचलून मोजतात, तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण पोटात बसवतात, म्हणजे पुन्हा भेटलं तर ओळख पटेल, आणि नदीत सोडून देतात.