तीन महिन्यांनी या

आमच्या निफाडकडे ‘टाटाला चाललोय’ एवढंच म्हणतात आणि पुढचं कुणी विचारत नाही. सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडला येते. १९७५ पासून धावणारी ही गाडी नोकरदारांची, पासवाल्यांची. पण बहुतेक रोज तिच्यात एखादं तरी कुटुंब असं बसलेलं असतं, ज्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली जाड फाइल असते. पासवाले त्यांना बरोबर ओळखतात. सरकून जागा देतात, चहा पुढे करतात, दादर जवळ आलं की कुठल्या बाजूला उतरायचं ते आपणहून सांगतात. आजार कुणाला, कुठला, हे मात्र विचारत नाहीत.

माझे मामा गेली काही वर्षं या गाडीचे प्रवासी आहेत. तरुणपणापासून तंबाखू-चुना. जिभेच्या कडेला एक चट्टा आला, बरा होईना, आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासणी झाल्यावर त्याचं नाव कळलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया समजावून सांगितली: जिभेचा काही भाग काढावा लागेल आणि त्याच वेळी मानही उघडून तिथल्या ग्रंथी काढाव्या लागतील. मामांनी गळ्यावरून हात फिरवला. “आजार जिभेला, मानेत गाठ लागत नाही हाताला, मग मान कशाला कापायची, साहेब?”

हा प्रश्न फक्त मामांसारख्या द्राक्षबागायतदाराचा नव्हता. जगभरचे शल्यविशारद पन्नासहून अधिक वर्षं याच प्रश्नावर वाद घालत होते. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला, मानेत काही लागत नाही, तर ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावं? मान उघडली की खांदा दुखतो, हात वर जात नाही. उगाच का करायचं? आणि थांबलं तर उशीर झाला तर? दोन्ही बाजूंना नावाजलेली माणसं होती, पक्का पुरावा कुणाकडेच नव्हता. तो मिळाला टाटामध्ये. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून अशा ५९६ रुग्णांना चिठ्ठीच्या न्यायाने दोन गटांत विभागलं. एका गटाची मान लगेच, दुसऱ्याची गाठ दिसली तरच. २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचा हिशेब ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ८० टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. वाद तिथे बराचसा मिटला. मामांच्या मानेचा निर्णय त्या पाचशे जणांनी आधीच करून ठेवला होता.

ही माणसं मला फार जवळची वाटतात. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. पण तोंडाचा कर्करोग आपल्याकडे कुणाला होतो हे ठाऊक आहे, त्यामुळे त्यांतले अनेक मामांसारखेच कष्टकरी असणार, लांबून आलेले असणार. औषध देणं, कापणं, टाके घालणं ही डॉक्टरांची कामं. संशोधनातलं रुग्णाचं काम दिसायला अगदी साधं: परत येणं. ‘तीन महिन्यांनी या’ म्हटलं की तीन महिन्यांनी येणं. बरं वाटत असताना येणं. मजुरी बुडवून, उसनवारी करून, कुणाला तरी सोबत घेऊन येणं. जो परत येत नाही त्याच्या फाइलीतलं पुढचं पान कोरंच राहतं आणि विज्ञान त्याच्यापाशी मुकं होतं. तो ८० चा आकडा अशा शेकडो येरझाऱ्यांतून उभा राहिला आहे.

मामांना पहिली दोन वर्षं तीन-तीन महिन्यांनी बोलावलं, मग सहा महिन्यांनी. द्राक्षबागेतही दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे सहा महिने. नेमक्या तेव्हाच परळच्या तारखा. छाटणी एक दिवस पुढे-मागे झाली की पुढचं सगळं वेळापत्रक हलतं, मजुरांच्या टोळ्या आधी ठरवलेल्या असतात. तरी मामांनी तारीख चुकवली नाही. मामी बागेत उभी राहिली आणि ते परळला गेले.

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून हे रुग्णालय उभं राहिलं. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं, १९६६ मध्ये संशोधन केंद्र आणि रुग्णालय एक झालं. या शेवटच्या गोष्टीचं मोल मला फार वाटतं. उपचार करणारे आणि प्रश्न विचारणारे एकाच छपराखाली आले, म्हणून मामांसारख्याची शंका उडवून न लावता तिचं उत्तर शोधलं गेलं.

पण या ज्ञानाची किंमत कुणी दिली, हेही बघायला हवं. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून तयार केलं, हातात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल आणि कापसाचा बोळा दिला. आम्ल लावल्यावर बदललेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. मात्र अर्ध्या स्त्रियांना तुलनेसाठी ही तपासणी मिळालीच नव्हती, त्यांना फक्त माहिती देण्यात आली. यावर कडक टीका झाली. उत्तर असं होतं की देशात तेव्हा अशी तपासणी होतच नव्हती. मला दोन्ही बाजू समजतात, तरी मन त्या दुसऱ्या अर्ध्याकडेच जातं. त्या बायकांचं देणं फेडायचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे ती साधी तपासणी आता प्रत्येक गावात पोचवणं.

परळला गेल्यावर रुग्णालय भिंतींबाहेर किती पसरलंय ते कळतं. फुटपाथवर बिहारची, बंगालची, आसामची कुटुंबं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. आम्ही नाशिककर गोदाकाठच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेजवळून जाता-येता वाढलो. यात्रेकरूंची ती जागा. दादरला मात्र यात्रा वेगळी. मामी तिथे राहिली तेव्हा शेजारी बंगालमधली एक बाई होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ‘किमो’, ‘लाइट’ (म्हणजे किरणोपचार), ‘रिपोर्ट’, ‘फाइल’ एवढ्याच शब्दांवर त्यांची मैत्री झाली. मामांना गिळता येत नव्हतं, तर भात किती वेळ शिजवून कसा गाळायचा हे तिनेच मामीला करून दाखवलं. हे कुठल्याच जर्नलमध्ये छापून येत नाही, पण शस्त्रक्रियेनंतरचा माणूस यावरच उभा राहतो.

खरं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात, म्हसरूळला आहे. शालिमारजवळ संदर्भ सेवा रुग्णालय आहे. मला मनापासून वाटतं, पुढच्या तारखा इथल्या असाव्यात, प्रश्नही इथले असावेत: मिशेरी लावणाऱ्या बायकांचे, बागेत फवारणी करणाऱ्यांचे. निफाडच्या माणसाने विचारलेल्या शंकेची नोंद निफाडपासून तासाभरावर व्हावी.

मामांचं बोलणं आता थोडं बोबडं आहे. जबडा आखडू नये म्हणून ते रोज सकाळी ओट्यावर बसून आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून व्यायाम करतात. पोरं आधी हसायची, आता काड्या मोजतात. गावातलं कुणी तंबाखू मळताना दिसलं की मामा त्याला जवळ बोलावतात आणि तोंड उघडायला लावतात. उभी तीन बोटं आत जातात का, गालाच्या आतून काही पांढरं, लाल दिसतं का, ते बघतात. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक ट्रॅक्टरवाला असाच सापडला. घाबरून गेला होता, जायला तयार नव्हता. मामांनी त्याला आपली फाइल दाखवली, मानेवरचा व्रण दाखवला आणि कुणाकुणामुळे ही मान वाचली ते सांगितलं. येत्या मंगळवारी दोघं पंचवटीने चाललेत. मामांची तारीख नाही, तरी.