दुसऱ्या भागातलं भूत

भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग म्हणजे पहिल्याच्या नावावर केलेला धंदा, असं सगळेच म्हणतात. विरार लोकलच्या लेडीज डब्यात सिनेमाचा विषय निघाला की यावर चटकन एकमत होतं. मला ते कधी पटलेलं नाही. प्रेमकथा लग्नापाशी संपते, रहस्यकथा खुनी सापडला की संपते. त्यांना पुढचा भाग ओढूनताणून जोडावा लागतो. भुताचं तसं नसतं. माणूस गेला, तेराव्याचं जेवण झालं, तरी त्याचा जीव कशात तरी गुंतून राहिला, म्हणून तर भूत. भयकथेतला पहिला प्रसंग घडतो तेव्हाच एका आयुष्याचा दुसरा भाग सुरू झालेला असतो. अशा कथेचे आणखी भाग निघाले तर त्यात गैर काय? ते बहुतेक वेळा फसतात, कारण काढणाऱ्यांना भुताची किंकाळी हवी असते आणि त्याचं म्हणणं ऐकायला वेळ नसतो.

म्हणून भयपटांच्या पुढच्या भागांची प्रतवारी मी एकाच प्रश्नावर लावते: गेलेल्या माणसाबद्दल आधी ठाऊक नव्हतं असं काही या भागाने सांगितलं का? किती वेळा दचकले ते धरत नाही. दचकवायला दार आपटलं तरी पुरतं.

या प्रश्नावर मराठीत पहिला नंबर एका मालिकेचा लागतो. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग. सिनेमांच्या यादीत मालिका कशाला, असं कुणी म्हणेल. पण तीन भाग चाललेलं, लोकांच्या तोंडी बसलेलं मराठी भुताचं घराणं दुसरं कुठलं आहे?

पहिला भाग झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, आणि त्या निमित्ताने एका छपराखाली आलेली मुलं-सुना. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या आमच्या इमारतीत रात्री साडेदहाला जिन्यातून वर जाताना मजल्यामजल्यावर तोच आवाज ऐकू यायचा. हे नवल नव्हतं. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या सोडून कोकणातली कितीतरी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली. त्यांची गावची घरं कुलपात आहेत. आतल्या देवाला गणपतीतच दिवा लागतो, आणि सातबारावर आजोबांच्या पश्चात चुलत्या-पुतण्यांची नावं चढत गेलेली आहेत. असा चाकरमानी मालिका बघायला बसला की त्याला भूत नंतर दिसायचं. आधी दिसायचा वाटणीवरून बोलणं टाकलेला भाऊ. पहिल्या भागाची खरी भीती तीच होती आणि ती लेखकांनी नेमकी पकडली होती. ज्या घरात आपण वर्षातून दहा दिवस राहतो, ते बाकीचे दिवस कुणाचं असतं?

मग जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो मागे गेला. अण्णा जिवंत होते तेव्हाची गोष्ट. माधव अभ्यंकरांचे अण्णा, त्यांच्या प्रेयसीच्या, शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर, आणि बायकोच्या, माईच्या भूमिकेत शकुंतला नरे. या माणसांचं पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक. तरीही मालिका दीड वर्षाहून अधिक चालली आणि पहिलीपेक्षा जास्त गाजली. 'पुढे काय होणार' हा प्रश्न गेल्यावर 'असं का झालं' एवढाच प्रश्न उरतो, आणि तो भीतीचा खरा प्रश्न आहे. अण्णा मेल्यावर भयानक झाले नव्हते, जिवंतपणीच होते. ओटीवर बसलेल्या त्या माणसाला घरातलं कुणी उलटून बोलू शकत नव्हतं, गावातलंही नाही. भूत त्याच्या मरणातून आलं नाही. ते त्याला मिळत गेलेल्या मोकळिकीतून आलं.

आणि माई. सगळं दिसतं, सगळं कळतं, तरी सकाळी उठून त्याच माणसाला चहा द्यायचा. शेवंतेवर लोकांनी भरभरून लिहिलं, गाणी-विनोद केले. मला या भागाचा कणा माई वाटते. दुसरा भाग पाहून पुन्हा पहिला पाहिला की तिचं रडणं नुसतं नवरा गेलेल्या बाईचं राहत नाही. त्यात सुटका आहे, सुटकेची शरम आहे, आणि तो परत येईल ही धास्तीही आहे. आमच्या शेजारच्या कुडाळच्या काकी एकदा टीव्ही बंद करता करता म्हणाल्या होत्या, "अण्णा मेलो, पण गेलो खंय?" त्या मालिकेतल्या अण्णांबद्दलच बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. पहिल्या भागाचा अर्थ बदलून टाकतो तो खरा दुसरा भाग. मराठीत एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या पुढच्या भागाने दाखवलेली मला माहीत नाही.

तिसरा भाग मी बराच खाली ठेवते. तो मार्च २०२१ मध्ये सुरू झाला, लॉकडाउनने मध्येच थांबला, पुढे शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. या अडचणी कुणालाही चुकल्या नसत्या. खरा घोटाळा वेगळा होता: तोवर अण्णा लोकांचे लाडके झाले होते. अण्णा आले की टाळी, अशी अवस्था झाली की भीतीला जागा उरत नाही. अमेरिकेत फ्रेडी क्रूगरचं हेच झालं. १९८४च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये तो अंधारातून थोडाच वेळ दिसणारा, मुलांचा जीव घेणारा माणूस होता. पुढच्या भागांत तो विनोद मारू लागला. त्या साखळीतला १९८७चा तिसरा भाग मात्र मी वर ठेवते. त्यात फ्रेडीच्या आईची कहाणी येते, त्याच्या जन्मामागचा अत्याचार कळतो. पुन्हा तेच: भाग मागे वळला आणि उभा राहिला.

'झपाटलेला २'बद्दल मात्र नव्याने बोलायला हवं. १९९३च्या 'झपाटलेला'त तात्या विंचूचा जीव बाहुल्यात शिरला आणि आमच्या पिढीतल्या मुलांनी घरातल्या बाहुल्या कपाटावर चढवल्या. कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेली, हे लपलेलं नाही. पण दिलीप प्रभावळकरांचा आवाज, रामदास पाध्ये यांच्या हातातली बाहुली आणि लक्ष्मीकांत बेर्डे, या तिघांमुळे ती इथली झाली. पाध्यांच्या घरात वडिलांपासून, त्यांच्या अर्धवटराव या बाहुल्यापासून, चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची कला त्या पडद्यावर होती. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. थिएटरबाहेर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: लक्ष्या नाही, मजा नाही.

गंमत बघा, त्याच २०१३ साली तिकडे 'चाइल्ड्स प्ले'मधला चकी बाहुलाही 'कर्स ऑफ चकी'मध्ये परतला. तिकडे चकीचा आवाज ब्रॅड डुरिफ यांचा आणि नायिका त्यांची मुलगी फिओना. इकडे दिग्दर्शक महेश कोठारे आणि नायक त्यांचा मुलगा आदिनाथ, लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत. दोन्हीकडे बाहुला पुढच्या पिढीच्या दारात आलेला. चकीच्या सिनेमाचे लेखक डॉन मॅन्सिनी मधल्या भागांत विनोदाकडे झुकले होते; इथे ते पुन्हा एका अंधाऱ्या घरात गेले, आणि सिनेमा आवळला. 'झपाटलेला २'ने उलट पसारा वाढवला. तरीही आज तो पाहताना मला त्याच्याबद्दल माया वाटते. गेलेल्या नटाची जागा त्याच्या पात्राच्या मुलाला द्यावी, यात एक आठवण धरून ठेवण्याची धडपड आहे. कोठाऱ्यांनी त्या रिकाम्या जागेपाशी आणखी थोडं थांबायला हवं होतं. बाप नसलेल्या मुलाच्या घरी बापाचा शत्रू परततो, ही किती मोठी गोष्ट आहे! ती पडद्यावर येते आणि नाचगाण्यात निघून जाते. माझ्या यादीत तो मधोमध बसतो. लोकांनी टाकला होता त्यापेक्षा बराच वर.

तळाशी 'फूंक २'. पहिला 'फूंक' २००८चा. एकट्याने पाहून दाखवणाऱ्याला राम गोपाल वर्मांनी पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अश्विनी काळसेकरने त्यात करणी करणारी मधू उभी केली होती. २०१०च्या दुसऱ्या भागात ती मरून परतते, पण तिच्याबद्दल नवं काही कळत नाही. ती फक्त परतते. 'राज' आणि '१९२०'च्या साखळ्यांत तर नाव तेवढं पुढे जातं, माणसं नाहीत. त्यांना पुढचे भाग म्हणायला माझी जीभ वळत नाही. 'हॅलोवीन'च्या १९८२च्या तिसऱ्या भागातही मायकेल मायर्स नव्हता आणि लोकांनी तो झिडकारला. आज अनेक जाणकार त्याला मानतात, कारण तो निदान स्वतःची वेगळी गोष्ट सांगत होता.

एक सिनेमा मात्र पुढचा भाग न काढताच या यादीत शिरतो: २०१८चा 'तुंबाड'. १९१८, १९३३, १९४७ असे तीन अध्याय, म्हणजे पोटातच दोन पुढचे भाग. नारायण धारपांच्या कथेचा धागा, कोकणचा पाऊस, आणि हस्तर या शापित देवाबद्दल दर अध्यायात नवं कळणारं काही. शेवटी मुलगा बापापेक्षा हुशार निघतो आणि त्या हुशारीनेच बापाचा घात होतो. प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरं भरली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. लोक फेरविचार करतात, त्यांना वेळ द्यावा लागतो.

म्हणूनच 'लपाछपी'चं वाईट वाटतं. विशाल फुरिया यांचा २०१७चा सिनेमा, पूजा सावंत आणि उषा नाईक, उसाच्या फडात हरवणारी वाट, आणि जन्माला येऊ न दिलेल्या मुली. त्याचा हिंदी अवतार 'छोरी' २०२१ मध्ये आला आणि २०२५ मध्ये 'छोरी २'ही आला. मूळ मराठी गोष्ट मात्र पहिल्या भागावरच थांबली. त्या मुलींचं म्हणणं मराठीत अजून पुरतं ऐकलं गेलेलं नाही, आणि ते ऐकवणारा भाग कुणी तरी मराठीतच काढावा.

तोवर 'रात्रीस खेळ चाले' पुन्हा बघणार असाल तर दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. तो संपवून मग पहिला बघा, आणि माईवरून नजर हलवू नका.