फेब्रुवारीची पिशवी

स्ट्रॉबेरी हे घाईचं फळ आहे. आंबा हिरवा काढून आढीत घालता येतो, केळं घड उतरवल्यावर पिकतं, चिकूसुद्धा दोन दिवस थांबून घेतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. रोपावरून खुडली की ती पुढे पिकत नाही, नुसती उतरत जाते. पांढऱ्या खांद्याची खुडली तर खांदा थोडा लाल होईलही, पण गोडी जेवढी आणली तेवढीच.

माझं माहेर वाईचं. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यातच देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी होते. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाऊस संपताना लावलेली रोपं डिसेंबरच्या सुमारास फळं देऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत देतात. गोव्यातही सांगे तालुक्यात वेर्ल्याच्या डोंगरात शेतकरी ती लावतात. आमच्या हळर्णला मात्र काजू, फणस, भिरंड, आंबे. म्हणून भाऊ दरवर्षी फेब्रुवारीत रात्रीच्या बसने खोकं पाठवतो आणि सकाळी म्हापशाला जाऊन ते उतरवून घ्यावं लागतं. घरी येईपर्यंत दहा वाजतात, ऊन चढलेलं असतं, आणि दोन किलो फळ आपली वाट बघत नाही. शेजारीण डोकावते, "वैनी, इतली स्ट्रॉबेरी खंय दवरतली गे?" खरा प्रश्न तोच आहे.

आधी निवडायचं. बुरशीचं एखादं असेल तर ते आणि त्याला चिकटलेली शेजारची, दोन्ही बाहेर. मऊ पडलेली आजच खायची, नाही तर मोडून किलोला पाव किलो साखर घालून वेगळ्या डब्यात. टणक आणि पूर्ण लाल तेवढीच अख्खी फ्रीझरला. धुताना हिरवा देठ काढायचा नाही, बरं का! आधी देठ काढला तर तिथून पाणी आत शिरतं आणि फळ बेचव होतं. धुवून जुन्या मऊ धोतराच्या कापडावर पंख्याखाली पसरायची, पुरती कोरडी झाली की मग देठ. स्टीलच्या ताटात एकमेकींना न टेकता मांडून ताट फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि दगडासारखी झाली की दुसऱ्या दिवशी पिशवीत भरून हवा दाबून काढायची. सरळ पिशवीत कोंबली तर एकच लाल धोंडा तयार होतो आणि वाटीभर हवी असली तरी वरवंटा घ्यावा लागतो.

पुन्हा ताज्यासारखी होईल ही आशा मात्र ठेवू नये. फळातल्या पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, बर्फाचे कण आतल्या पेशी फाडतात, म्हणून बाहेर काढल्यावर फळ लिबलिबीत होतं. गोठणं जितकं सावकाश, तितके कण मोठे. म्हणून ताट गच्च भरायचं नाही आणि फ्रीझर आदल्या रात्रीच सगळ्यात गार करून ठेवायचा. उणे 18 अंश टिकत असेल तर आठ-दहा महिने काही होत नाही. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथे महिन्याभरात संपवलेली बरी. आणि खाताना पूर्ण विरघळू देऊ नये. अर्धवट गोठलेली असतानाच दुधात फिरवावी.

पावसात आमच्याकडे वीज जाते, कधी रात्रभर जाते. त्यासाठी फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी गोठवून तिच्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. नाणं वरच असेल तर ठीक. बुडालेलं दिसलं तर मधे सगळं विरघळून परत गोठलंय असं समजायचं. ही युक्ती मला वाण्याने शिकवली, त्याच्याकडे आइस्क्रीमची पेटी आहे.

आता या साठवणीत आमच्या घरची अडचण. मर्यादा म्हणजे काय ते तुम्हां बहुतेकींना सांगायला नको. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. बर्फ तर अभक्ष्यातच मोजलेला. सासूबाई हे सगळं अजून पाळतात. ताजी स्ट्रॉबेरी त्या खातात. बहुबीज म्हणून काही घरांत ती वर्ज्य आहे, पण आमच्याकडे नाही. चार फोडी करून, चष्मा लावून, शोधून, दोन फळं. फ्रीझरला मात्र हात लावत नाहीत. आणि कुणाला लावू नका असंही म्हणत नाहीत. आपलं व्रत दुसऱ्याच्या ताटात वाढू नये, हे त्यांनी मला बोलून कधीच शिकवलं नाही.

गेल्या श्रावणात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण तोंडाची चव गेली. पेजेचे दोन घोट, की पुरे. डॉक्टर म्हणाले, गार, आंबटगोड, गिळायला सोपं असं काहीही द्या, पोटात जायला हवं. माझ्या फ्रीझरमध्ये फेब्रुवारीची अर्धी पिशवी होती. मिस्टर म्हणाले, "दुधात फिरवून दे, आईला काय कळतंय." कळलं नसतंच. दृष्टी अधू, तोंडाला चव नाही. आणि उपाशी माणसाला भरवणं हेही काही लहान पुण्य नाही. हे मी स्वतःला स्वयंपाकघरात दोनदा सांगून पाहिलं.

मग पिशवी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "आई, फेब्रुवारीतली स्ट्रॉबेरी आहे, बर्फातली. डॉक्टर म्हणतात द्या. देऊ?"

त्यांनी पिशवी हातात मागितली. बोटं गार पडली असतील, तरी बराच वेळ धरून बसल्या. उघडून वास घेतला. "वास तसाच राहिला की गं," म्हणाल्या. "वाईचाच." मग पिशवी माझ्याकडे परत दिली. "पोराला ठेव. मला भाजक्या तांदळाची पेज कर, आज भिरंडाचं एक सोल टाक तिच्यात."

सोलं उन्हात वाळवलेली, बरणीतली. त्यांना ती चालतात, कारण त्यात पाणी राहिलेलं नसतं. उन्हाने पाणी काढून टाकायचं की थंडीने जागच्या जागी गोठवायचं, हा त्यांच्या लेखी मोठा फरक आहे, आणि विचार केला तर तो आहेच. त्या दिवशी पाऊण वाटी पेज गेली. दुसऱ्या दिवशी एक.

नातू दिवाळीला आला तेव्हा ती अर्धी पिशवी संपली. यंदा खोकं आलं तेव्हा सासूबाईंनी आपली दोन फळं शोधून खाल्ली आणि मी पिशव्या भरत होते तिथे येऊन बसल्या. "तारीख घाल," म्हणाल्या. मी मार्करने 14 फेब्रुवारी लिहिलं. त्यांना वाचता येत नाही इतकं बारीक झालं होतं, म्हणून पुसून पुन्हा मोठं लिहिलं.