वाक्याआधीची चांदणी

तिची जागा ठरलेली. वाक्याच्या डाव्या अंगाला, पहिल्या अक्षराच्या किंचित वर. वाक्यरचनाशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, उदाहरणाच्या क्रमांकापाठोपाठ ती उभी असते. ती दिसली की समजायचं, पुढचं वाक्य त्या भाषेत कुणी बोलत नाही. कागदोपत्री ती ताराचिन्ह किंवा तारका. फळ्यावर खडूने काढली की चांदणी. मी चांदणीच म्हणेन.

तिचं काम बघायचं तर ही दोन वाक्यं घ्या.

राजूला वाटतं, सुमीने आपल्याला दोष दिला.
राजूला वाटतं, सुमीने स्वतःला दोष दिला.

पहिल्या वाक्यात दोष कुणाला मिळाला? राजूला. (आपल्या सगळ्यांना, असाही अर्थ निघतो, तो तूर्त बाजूला ठेवू.) दुसऱ्यात सुमीला. आता अदलाबदल करून बघा. पहिल्यात सुमीने सुमीलाच दोष दिला आणि दुसऱ्यात राजूला दिला, असं समजून वाचा. जमत नाही. त्या अर्थाने ही वाक्यं मांडली की दोन्हींपुढे चांदणी येऊन बसते. शाळेत आपल्याकडून कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग घोकून घेतले, पण 'स्वतःला' जवळच्या कर्त्याला धरतो आणि 'आपल्याला' त्याला ओलांडून लांबच्या कर्त्याकडे जातो, हे फळ्यावर कुणी लिहून दिलं नव्हतं. तरी बोलताना आपला इथे गोंधळ होत नाही. काशी वाली यांनी मराठीतल्या या दोन आत्मवाचकांवर १९७९ साली लेख लिहिला. पुढे दक्षिण आशियाई भाषांमधल्या अशाच शब्दांवर २००० साली जाडजूड ग्रंथ निघाला, त्याच्या संपादकांतही त्या होत्या. मराठीतल्या या बारकाव्याने जगातल्या अभ्यासकांना आपले नियम पुन्हा तपासायला लावले, ते चांदणीच्या बळावर. कारण ती नसती तर 'असं म्हणतात' एवढंच हाती राहिलं असतं. 'असं म्हणता येत नाही' हे सांगणारी तीच.

चांदणी म्हणजे फुली नव्हे, हे मात्र सुरुवातीलाच समजून घ्यायला हवं. मास्तरांची लाल फुली बोलणाऱ्यावर पडते: तू चुकलास, नीट बोल. चांदणी कुणालाही नीट बोलायला सांगत नाही. तिच्यापुढचं वाक्य कुणी बोललेलंच नसतं. अभ्यासकाने ते मुद्दाम घडवलेलं असतं, भाषेच्या भिंती कुठे आहेत ते चाचपायला. संस्कृत व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात अपशब्दांची चर्चा केली आहे. शुद्ध शब्द थोडे, अपशब्द फार, तेव्हा शुद्धच शिकवणं सोपं, असा त्याचा युक्तिवाद. 'गौः' या एका शब्दासाठी लोकांच्या तोंडी असलेले 'गावी', 'गोणी' असे कितीतरी शब्द त्याने नोंदवले. त्याचे अपशब्द लोक खरोखर बोलत होते. चांदणीचा मुलूख नेमका उलटा आहे: जिथे एकही माणूस जात नाही, तिथे ती पहारा देते.

तिचं एक आधीचं आयुष्यही आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट श्लायशरने आद्य इंडो-युरोपीय भाषेची रूपं तर्काने उभी केली. कुठल्या शिलालेखात नाहीत, पोथीत नाहीत, पण असलीच पाहिजेत अशी रूपं. त्यांच्यापुढे तो चांदणी लावत असे. राल्फ टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी शब्दांची कुळं शोधताना आजही अशा चांदणीवाल्या नोंदी पानोपानी भेटतात. तिथे ती म्हणते, सापडलं नाही, पण असणार. नव्या घरी आल्यावर ती म्हणू लागली, शोधू नका, नसणारच. दोन्हीकडे तिचं इमान एकच: नोंद नसलेल्या गोष्टीबद्दल बोलताना तसं उघड सांगायचं.

हे नवं घर नोम चॉम्स्कीने बांधलं. १९५७ साली हेग शहरातून त्याचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' हे लहानसं पुस्तक निघालं. भाषेतली सगळी वाक्यं ज्यातून निघतील आणि भाषेत नसलेलं एकही निघणार नाही, असं व्याकरण लिहायचं, ही त्याची मागणी. मागणीच्या दुसऱ्या अर्ध्यात चांदणीला कायमचं काम मिळालं. वाक्य अर्थपूर्ण की निरर्थक, याच्याशी तिला देणंघेणं नाही, हेही तेव्हाच ठरलं. 'आंबट रविवार भिंतीला हसला' हे निरर्थक आहे, पण तिथे ती येत नाही. 'रविवार आंबट भिंतीला हसली' म्हणा, लगेच येते. अर्थाची विचित्रता दाखवायला दुसरी चिन्हं आहेत, आणि मन साशंक असेल तर साधं प्रश्नचिन्ह आहे.

तिची सर्वांत कसदार कामगिरी १९६७ सालची. जॉन रॉस या तरुणाने एमआयटीत प्रबंध लिहिला. वाक्यातले काही भाग बेटासारखे असतात, त्यांतून शब्दाला बाहेर पडता येत नाही, हे त्याने इंग्रजीत दाखवलं. मराठीत करून बघू. आपल्याकडे शब्दांना फिरायची मोठी मोकळीक. 'तू काल कुणाला बोलावलंस', 'कुणाला बोलावलंस तू काल', 'काल कुणाला तू बोलावलंस', सगळं चालतं. 'तू सुमीला आणि कुणाला बोलावलंस?' हेही चालतं. आता या शेवटच्या वाक्यातला 'कुणाला' उचलून पुढे आणा:

*कुणाला तू सुमीला आणि बोलावलंस?

'आणि'ने बांधलेल्या जोडीतला एकच शब्द बाहेर ओढला की वाक्य कोसळतं. एवढी मोकळीक असलेल्या भाषेतही ही सीमा आहे, इंग्रजीतही आहे. दोन्हीकडच्या मुलांना ती कुणी दाखवलेली नाही.

मुलांचा विषय निघाला म्हणून स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा यांचा १९८७ सालचा प्रयोग सांगतो. तीन ते पाच वर्षांची तीस मुलं आणि स्टार वॉर्समधल्या जब्बाची बाहुली. मुलाला चित्र दाखवायचं आणि सांगायचं, मिकी माउसकडे बघणारा मुलगा खूश आहे का, ते जब्बाला विचार. इंग्रजीत त्या विधानात दोन 'इज' येतात, आणि प्रश्न करताना त्यातला एक वाक्याच्या सुरुवातीला न्यायचा असतो. पहिला दिसेल तो उचलणं सर्वांत सोपं. तसं केलं असतं तर 'इज द बॉय हू वॉचिंग मिकी माउस इज हॅपी?' असा चांदणीचा प्रश्न तयार झाला असता. मुलं चुकली, पुष्कळ चुकली. कुणी एक 'इज' जास्तीचा घातला, कुणी वाक्य अर्ध्यावरून पुन्हा सुरू केलं. पण ही एक चूक एकाही मुलाने केली नाही. हे ज्ञान उपजत की ऐकून ऐकून आलेलं, यावर अभ्यासकांचे आजही कडाक्याचे वाद चालू आहेत. मला उपजत काहीतरी आहे असंच वाटतं. वादाचा निकाल काहीही लागो, मुलांनी जी वाट घेतली नाही तिची नोंद ठेवायला चांदणीच लागते.

तिच्यावर एक आक्षेप सतत घेतला गेला, आणि तो रास्त होता: तिला बसवतं कोण? खुर्चीत बसलेला अभ्यासक, स्वतःच्या कानाला विचारून. म्हणून जॉन स्प्राउस आणि दिओगो आल्मेइदा यांनी डेव्हिड अ‍ॅडगरच्या पाठ्यपुस्तकातली ४६९ उदाहरणं शेकडो सामान्य माणसांपुढे ठेवली. २०१२ साली निकाल छापून आला: किमान ९८ टक्के ठिकाणी पुस्तकाचं म्हणणं टिकलं. पण ते पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी. जिथे अभ्यासक एका गावचा आणि बोलणारा दुसऱ्या गावचा, तिथे धोका खरा आहे.

आपल्याकडे तो पावलोपावली आहे. 'मी काम केलो' हे वाक्य पुण्यातल्या वर्गात ठेवा, सगळे कान टवकारतील आणि कुणीतरी चांदणी काढेल. लातूर-सोलापूरकडे हेच वाक्य घराघरात बोललं जातं. तिथल्या मुलाने ती चांदणी मुकाट्याने मान्य केली, तर चांदणीची फुली झाली आणि शास्त्र तिथेच संपलं. या प्रसंगासाठी टक्क्याचं चिन्ह आहे: काहींच्या बोलीत चालतं, काहींच्या नाही. ते लावायचं, आणि मग त्याच मुलाला, त्याच्या आजीला विचारत बसायचं. 'आम्ही भाकरी खाल्लो' म्हणता का? 'तू काम केलास' म्हणता का? 'त्यानं काम केला' म्हणता का, की 'तो काम केला'? आजी ज्या वाक्याला हसेल, ज्याला म्हणेल की असं कुणीच बोलत नाही बाबा, तिथे चांदणी काढायची, आणि खाली गावाचं नाव लिहायचं.